पद्मिनीच्या बंपरचा पोचा: आधी ठोकावा की आधी क्रोम उतरवावे?

मखमलाबादकर:
नमस्कार. वडिलांनी घेतलेली १९८१ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. गेल्या महिन्यात द्वारका चौकाजवळ मागे येणाऱ्या टेम्पोने पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला तळहाताएवढा पोचा पाडला. तिथल्या क्रोमला तडे गेले आहेत, आणि नंबरप्लेटमागे, जिथे पाणी साचते, तिथे गंजाने दोन भोके पाडली आहेत. पाच वर्षांपूर्वी हाच बंपर एका ठिकाणी क्रोम करून घेतला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके उमटले आणि नखाने पापुद्रे निघू लागले. बाजारातला नवा बंपर लावून पाहिला, पण त्याचा पत्रा पातळ आहे आणि कोपऱ्याचा बाक मडगार्डशी जुळत नाही. मूळचाच वाचवायचा आहे. पोचा आधी काढावा की क्रोम आधी उतरवावे?

अंबडचा डेंटर:
दादा, आधी क्रोम आणि त्याखालचे निकेल उतरवून घ्या, मगच हातोडी लावा. निकेलचा थर कडक असल्यामुळे ठोकताना तो तडकतो, आणि क्रोम असलेल्या पत्र्यावर गॅस किंवा वेल्डिंग चालवले तर निघणारा धूर विषारी असतो. बंपर सोडण्यापूर्वी मात्र उजव्या, शाबूत कोपऱ्याच्या बाकाचा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा. तोच उलटा धरून डावा कोपरा तपासता येतो.

आपल्या भांडीबाजारात तांबट ज्याला मठारणे म्हणतात, तेच इथे करायचे असते. आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हलके घाव घालायचे, आणि पोच्याच्या कडेकडून मध्याकडे यायचे. थेट मध्यावर घाव घातला की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा आखडवणे फार जिकिरीचे असते. भोके पितळेच्या झाळकामाने किंवा वेल्डिंगने भरा. पुटी अजिबात नको, कारण तिच्यातून वीज वाहत नाही आणि त्यामुळे तिच्यावर प्लेटिंग, म्हणजे विजेने चढवायचा धातूचा थर, बसत नाही.

सातपूर, प्लेटिंग:
वरील उत्तर योग्य आहे. फक्त थरांविषयी सविस्तर लिहितो, कारण आपली मागची फसगत बहुधा तिथेच झाली असावी. चकाकणारा क्रोमचा थर एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आत असतो आणि तो गंज अडवत नाही. गंज अडवते ते त्याखालचे निकेल. निकेल पातळ राहिले किंवा त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहिली, की ओलावा थेट लोखंडापर्यंत पोहोचतो आणि आपण पाहिलेले तांबूस ठिपके वर येतात. पापुद्रे निघण्याचे कारण बहुतेक वेळा निराळे असते: प्लेटिंगच्या द्रावणात बुडवण्याआधी पत्र्यावरचे तेल आणि बफिंगचा (घासून चकाकी आणण्याचा) मेण नीट धुतलेला नसतो.

म्हणून कारखान्यात स्पष्ट सांगा, की आधी क्षारीय द्रावणातल्या तांब्याचा पातळ थर, त्यावर आम्लाच्या द्रावणातल्या तांब्याचा जाड थर, मग निकेल आणि शेवटी क्रोम हवे. लोखंड थेट आम्लातल्या तांब्यात बुडवले तर तांबे नुसते चिकटल्यासारखे दिसते, पण धरत नाही. तांब्याचा थर बफ झाल्यावर स्वतः जाऊन पाहा. बंपर ट्यूबलाइटखाली धरा आणि प्रतिबिंबाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. रेघ जिथे थरथरते, तिथे पोचा अजून शिल्लक आहे. या टप्प्यावर तो दुरुस्त करता येतो, क्रोम चढल्यावर नाही.

मखमलाबादकर:
दोघांचेही मनापासून आभार. साचा आजच कापतो. बंपरच्या आतल्या बाजूचे काय करावे?

सातपूर, प्लेटिंग:
तिथे प्लेटिंग नेहमीच विरळ बसते, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. बंपर कारखान्यातून आला, की आतून घासून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग द्या. नट-बोल्ट नवे घाला, आणि नंबरप्लेटच्या मागे रबरी वॉशर ठेवून बोटभर फट राहू द्या, म्हणजे पाणी साचणार नाही.