छापून झालं म्हणजे संपलं असं नाही

संशोधनाचा लेख छापला की नियतकालिकाच्या संपादकाची जबाबदारी संपते, असं म्हटलं जातं; ते मला अजिबात पटत नाही. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझम) जोडणारा लेख छापला. अभ्यासात मुलं होती अवघी १२. मुख्य लेखकाचे दडवलेले हितसंबंध २००४ मध्ये उघडे पडले, तरी लेख पूर्णपणे मागे घेतला तो थेट फेब्रुवारी २०१० मध्ये. तोवर ब्रिटनमध्ये घाबरलेल्या आईबापांनी लस टाळली होती. नियतकालिकाची अब्रू जाईल म्हणून चौकशी रेंगाळत ठेवणं, हा माझ्या मते संपादकाचा सगळ्यात मोठा अपराध. आणि मागे घेतलेला लेख गुपचूप गायबही करू नये. प्रत्येक पानावर ठळक शिक्का हवा, कारण सांगणारी सूचना कुणालाही विनाशुल्क वाचता यायला हवी.