'एकांता'ला दुसरा शब्द आहे का?

गोदाकाठची
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्रकासाठी एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा, की एकट्याने वेळ घालवायची गोडी लावून घेता येते. मी मथळा दिला 'एकांताची गोडी'. कार्यवाह म्हणाले, "ताई, लोक हसतील. एकांत जोडप्यांना लागतो." खरंच इतका घसरलाय का हा शब्द? 'एकटेपणा' लिहावं तर दुखणं वाटतं.

शब्दपारखी
घसरला म्हणून टाकून द्यायचा? तुकोबांचं 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' आठवा. 'रुचे' म्हणतात ते, 'सोसे' नाही. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचं नावच 'एकांक', चक्रधर एकटे हिंडत होते तो काळ.

मखमलाबादकर
एकांक वेगळा, एकांत वेगळा. उगाच सोयरीक जुळवू नका. सरळ 'निवांत' घ्या. मूळ निवात, म्हणजे जिथे वारा नाही.

शब्दपारखी
निवांत तर आम्ही चौघंही बसतो कट्ट्यावर. वारा नसतो, वाफ भरपूर.

रोडवाला
'एकलकोंडेपणा'? आई मला हेच म्हणायची.

मखमलाबादकर
कौतुकाने नसेल म्हणाली. कोंडून घेतो तो एकलकोंडा.

रोडवाला
छे, कोंडा म्हणजे धान्याचा. दाणा गेला, हा उरला.

मखमलाबादकर
पुरावा?

रोडवाला
आजी सांगायची.

गोदाकाठची
माझाच अनुभव सांगते. हे गेल्यावर वर्षभराने पहिल्यांदा एकटी मिसळ खायला गेले, गंगापूर रोडला. पोऱ्याने चार ग्लास पाणी ठेवलं. "अजून कोण येतंय?" कोणी नाही म्हटलं. "एकट्याच का?" असं म्हणून तीन ग्लास उचलून नेले. ग्लासांचं काही वाटलं नाही, तो 'च' लागला. कीव सगळी त्या 'च'मध्ये. आता महिन्यातून दोनदा जाते. पापड रश्श्यात पार मऊ होईपर्यंत बसते, 'उरका' म्हणणारं कोणी नसतं. ह्या बसण्याला शब्द हवाय मला.

पंचवटीची सून
'च'वर खापर नको. सगळे लग्नाला गेले की मी बहिणीला फोन करते, "आज मी एकटीच घरी!" ह्यात कीव कुठाय? चैन आहे नुसती. बाकी आमचे आजेसासरे "गंगेवर जाऊन येतो" म्हणत. कोणी "मीही येतो" म्हटलं की चपला काढून परत झोपाळ्यावर. आमच्याकडे अजून तोच शब्द चालतो. 'मी जरा गंगेवर.'

मखमलाबादकर
गोदावरी म्हणा हो. पत्रक बाहेरगावी गेलं तर लोक काशीचं तिकीट काढतील.

पंचवटीची सून
नाशकात कोण म्हणतं गोदावरी? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की अख्खं गाव 'गंगेला पूर आला' म्हणतं. आणि गंगापूर मग कुणाच्या नावाचं?

गोदाकाठची
मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय.

शब्दपारखी
'नाशकात' की 'नाशिकात', ते एकदा ठरवा आधी.