मदत हवी आहे: ट्रायकोकार्ड लावल्यावर उसात वाळवी निघाली, आता काय करू?

नमस्कार मंडळी. श्रीगोंदा तालुक्यात माळाच्या मुरमाड जमिनीत आमचा दोन एकर सुरू हंगामातला ऊस आहे, वाण को ८६०३२, सव्वादोन महिन्यांचा. पोंगे (कोंबाचे मधले शेंडे) मरायला लागले म्हणून परवा खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डं आणली, एकरी ३. म्हणजे पतंगाची अंडी चिकटवलेली कार्डं, त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची बारीक मित्रमाशी वाढत असते. पट्ट्या कापून पानांच्या खालून टाचल्या. काल वडिलांनी रानाच्या वरच्या अंगाचे वाळलेले कोंब उपटले, तर खालचं बेणं (लावलेलं उसाचं कांडं) पोकळ आणि आत माती भरलेली. म्हणजे वाळवी.

वडील म्हणाले, "एवढी माशी विकत आणलीस, ती वाळवी का खात नाही?" मी सांगितलं, ही मिलिमीटरभरसुद्धा नाही, किडे धरून खात नाही. खोडकिडीच्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग त्यातून अळीऐवजी हिचंच पिल्लू निघतं. वाळवीची अंडी जमिनीखाली वारुळात, तिथं ही काय करणार? (पांढरी मुंगी म्हणतो आपण वाळवीला, पण मुंगीच्या गोतातली ही माशी आहे, वाळवी झुरळाच्या गोतातली.) त्यावर ते म्हणाले, "मग कार्डाचे पैसे वाळवीवर घालायचे होतेस." गप्प बसलो.

दुकानदार वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सोडा म्हणतोय. कार्डावरची अंडी काळी आहेत, माश्या दोन-तीन दिवसांत निघतील. औषध बुडात सोडलं तरी त्या मरतील का? की थांबू? थांबलो तर वाळवी आणखी किती बेणं खाईल याची धास्ती आहे. आणि हो, लागणीआधी अर्धकच्चं शेणखत टाकलं होतं, वाळवी त्यालाच आली असणार. बोलणी खायला तयार आहे.

प्रतिसाद:
बोलणी नंतर. आधी दोन्हीकडचे दहा-दहा कोंब उपटून बघा. खोडकिडीचा पोंगा अलगद निघतो आणि कुजका वास मारतो. वाळवीच्या कोंबाखाली बेण्यात माती सापडते. माती सापडेल तेवढ्याच सऱ्यांत औषध द्या, तेही बुडात. पानांवर थेंब नको, त्या औषधाच्या वाफेनंही ट्रायकोग्रामा मरतो. तिथल्या पट्ट्या आजच काढून खालच्या अंगाला लावा. आणि पाण्याचा ताण देऊ नका, कोरड्यात वाळवी जास्त माजते.

धागाकर्ता:
पट्ट्या हलवल्या. तीन पट्ट्यांवरची अंडी मुंगळ्यांनी आधीच साफ केली होती. त्यावर कुणाकडे काही उपाय?