फँटसी मोठेपणी सुटायलाच हवी का?

रानजाई:
पन्नाशी उलटली तरी माझ्या उशाशी जादूगार आणि ड्रॅगनची पुस्तकं असतात. "अजून हेच वाचतेस?" हे घरात ठरलेलं वाक्य. सुरुवात चांदोबापासून झाली. शंकर यांचं चित्र आठवा: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला विक्रम. वेताळ न्यायाचा पेच टाकणार. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे खरं बोललं की केलेली पायपीट वाया, आणि तरी बोलायचंच. इतका कडक नियम मला वास्तववादी गोष्टींत क्वचित भेटला. फँटसीला पळवाट म्हणणाऱ्यांनी सांगावं, यात विक्रम नेमका कुठे पळाला?

सरळमार्गी:
आवडीबद्दल तक्रार नाही, पण मराठी कादंबरीचा इतिहास तुमच्या विरोधात जातो. बाबा पद्मनजींनी १८५७ मध्येच 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दशा समोर ठेवली होती. पुढे काय झालं? हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, मग रिसबुडांची 'मंजुघोषा'. तीसेक वर्षं वाचक अद्भुतातच रमला. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू स्वतःच्या तोंडून आपली कहाणी सांगू लागली, केशवपनापर्यंत, तेव्हा कुठे मराठी कादंबरी वयात आली. तोवरची सगळी वर्षं पळवाटेचीच होती.

रानजाई:
यमूबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण त्या कादंबऱ्या कच्च्या होत्या म्हणून अद्भुतच कुचकामी, हे कसं? राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) घ्या. त्यात हस्तर नावाचा शापित, हावरा देव जमिनीखाली कोंडलेला आहे. नियम साधा: कणकेची बाहुली पुढे टाकायची, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतली सोन्याची नाणी ओरबाडायची आणि दोर धरून वर यायचं. बाप मुलाला हाच धंदा शिकवतो. मुलगा त्याच्याही पुढचा, म्हणतो एकदम पुष्कळ बाहुल्या नेऊ, सगळीच लंगोट पळवू. आणि खाली जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात! पिढीजात हाव वारशात कशी मिळते आणि वाढते, हे मला तरी कुठल्या वास्तववादी सिनेमाने इतक्या थेट दाखवलेलं नाही. कोकणातल्या वाड्याची ही गोष्ट मराठीत न येता हिंदीत आली, याचं मात्र वाईट वाटतं. अद्भुत म्हणजे पोराटोरांचं, हे आपण इतकं मनावर घेतलंय.

कातळ:
माझी अडचण वेगळी आहे. पळवाट असेना का, पण पळून जायचं कुठे, तर जिथे राजा रक्तावरूनच ठरतो तिथे? टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) शत्रूच्या बाजूने लढणारी माणसं पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात, वर्णाने सावळी. खरा वारस गादीवर बसला की राज्य सुखी. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात आपण वाढलो. आपल्याला हे टोचायला नको? मला टोचलं, मी वाचणं सोडलं.

रानजाई:
टोचतं, मलाही. पण त्याच पुस्तकात नायक फ्रोडोचा सोबती सॅम एका दक्षिणेकडच्या सैनिकाला मरून पडलेलं बघतो. लढाई चालूच आहे आणि त्याच्या मनात येतं: याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, कुठल्या थापांनी किंवा धमक्यांनी याला घरापासून इतक्या लांब आणलं असेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांतून परतलेल्या टॉल्किनसारख्या माणसानेच हे लिहावं. आणि दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला निघालेला फ्रोडोही शेवटी ती टाकत नाही, "माझी" म्हणून बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो. याला काळं-पांढरं कसं म्हणू?

तरीही राजेशाही नको असेल तर अर्सुला ले ग्विन वाचा. त्यांच्या 'अर्थसी' या कादंबरीमालिकेचा पहिला भाग १९६८ चा. नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, आणि त्याच्या मागे लागलेल्या सावलीला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवायचे, त्यावर ले ग्विन आयुष्यभर भांडल्या.

कातळ:
गेड वाचतो. सॅमचा प्रसंग मी विसरलो नव्हतो, पण तो थांबतो ते माणसापाशी. ऑर्कच्या, म्हणजे शत्रूच्या सैन्यातल्या राक्षसी जमातीतल्या कुणाच्या, प्रेतापाशी तो असा थांबत नाही. अख्खी जमात जन्मतः दुष्ट, ही कल्पनाच मला मान्य नाही. टॉल्किनलाही हा पेच छळत होता, त्यांच्या पत्रांत ते दिसतं. मग त्यांच्यानंतरच्या इतक्या लेखकांनी, चित्रकारांनी, गेमवाल्यांनी ऑर्क जसेच्या तसे का उचलले, हे मला तुमच्यासारख्या मुरलेल्या वाचकाकडून ऐकायचंय.