कोनाची कॉफी, 10 टक्के कोना: बेटाचं नाव कोणाच्या मालकीचं?

खाडीकिनारा:
होनोलुलूत आमच्याकडे सध्या जो वाद रंगलाय तो इथे मांडते. हवाईच्या बिग आयलंडवर, हुआलालाई आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या पश्चिम उतारावर कोना नावाचा पट्टा आहे. सॅम्युअल रगल्स या मिशनऱ्याने 1828 साली तिथे कॉफीची रोपं नेली. पुढे दर कोसळल्यावर मोठ्या मळेवाल्यांनी अंग काढून घेतलं आणि जपानी, नंतर फिलिपिनो कुटुंबांनी जमिनीचे छोटे तुकडे कसायला घेतले. आजही तिथली बहुतेक शेतं पाच एकरांच्या आतली. 1960च्या दशकापर्यंत तिथल्या शाळांची मोठी सुट्टी तोडणीच्या हंगामात असायची, कारण पोरं शेतात लागायची. उतार असा की यंत्र चालत नाही, लाल झालेलं फळ हातानेच तोडावं लागतं.

आता दुकानातली पिशवी बघा. 1991च्या राज्याच्या कायद्याने पिशवीत वजनाने 10 टक्के कोनाच्या बिया असल्या की 'कोना ब्लेंड' (म्हणजे मिश्रण) छापता येतं. उरलेल्या 90 टक्के बिया कुठल्याही देशातल्या. 2024 मध्ये कायदा बदलला आणि 1 जुलै 2027 पासून ही अट 51 टक्के होणार आहे. माझ्या ओळखीतले बरेच जण यावर समाधानी आहेत. मी नाही. पिशवीत निव्वळ कोना नसेल तर दर्शनी बाजूला कोना हे नाव येताच कामा नये. मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत काय ते लिहा. शंभर वर्षं राबून त्या नावाला जी किंमत आली ती शेतकऱ्यांच्या कष्टाची आहे, आणि ती दुसऱ्याच्या बिया विकायला वापरली जाते आहे. तुम्हाला काय वाटतं?

बाजारभाव:
पटलं नाही. निव्वळ कोना पाउंडाला 40 डॉलर, कधी त्याच्याही वर. ती पर्यटक घेतो किंवा भेट म्हणून कोणी देतं. रोज सकाळी दोन कप पिणाऱ्या होनोलुलूच्या बसचालकाला ती परवडते का? ब्लेंडमुळे त्या माणसाच्या घरात कोनाची थोडी तरी चव जाते. दुसरं म्हणजे ब्लेंड करणारे सगळे बाहेरचे नाहीत. होनोलुलूत पिढ्यान्‌पिढ्या कॉफी भाजणारे स्थानिक कारखाने आहेत, तिथे स्थानिक माणसं कामाला आहेत. ते कोनाच्या शेतकऱ्याकडून दरवर्षी ठरलेला माल उचलतात, वाईट हंगामातही. उद्या 51 टक्क्यांची अट आली आणि त्यांनी ब्लेंडच बंद केलं, तर छोट्या शेतकऱ्याचा उरलेला माल कोण घेणार? प्रत्येकाला स्वतःची पिशवी, वेबसाइट आणि कुरिअर जमत नाही.

आणि टक्केवारी पिशवीवर छापलेली असते. लपवाछपवी कुठे आहे?

खाडीकिनारा:
@बाजारभाव, छापलेली असते, मान्य. पण 'कोना' केवढ्या अक्षरात आणि '10 टक्के' केवढ्या, ते रांगेत उभं राहून बघा. विमानतळावर शेवटच्या दहा मिनिटांत पिशवी उचलणारा माणूस बारीक ओळ वाचत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो घरी जाऊन पितो, त्याला ती साधी कॉफी लागते, आणि 'कोना म्हणजे एवढंच' हे मत तो आयुष्यभर बाळगतो. नुकसान फक्त भावाचं नाही.

पश्चिमवारा:
कॅलिफोर्नियातून. खाडीकिनारा ताई, 10 टक्के ही हवाईच्या कायद्याची अट आहे. आमच्या इथल्या शेल्फवर तर त्याहून भयंकर प्रकार होता. 2019 मध्ये कोनाच्या शेतकऱ्यांनी सिएटलच्या फेडरल कोर्टात मोठमोठ्या विक्रेत्यांवर आणि भाजणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. म्हणणं असं की पिशवीवर कोना आहे आणि आत कोना जवळजवळ नाहीच. पुरावा काय, तर रसायनशास्त्र. ज्वालामुखीच्या मातीत वाढलेल्या बियांत काही मूलद्रव्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण वेगळं येतं आणि ते भाजल्यावरही पुसलं जात नाही. त्यावरून प्रयोगशाळेने पिशव्या तपासल्या. पुढच्या काही वर्षांत एकेक कंपनी तडजोडीला आली आणि एकूण रक्कम 4 कोटी डॉलरच्या वर गेली. चूक मात्र कोणी कबूल केली नाही, तडजोडीत ते तसंच असतं.

1996 मध्येही असंच उघडकीला आलं होतं. बर्कलीतला एक व्यापारी मध्य अमेरिकेतली कॉफी कोनाच्या पोत्यांत भरून विकत होता. म्हणजे गोष्ट जुनी आहे. कायदा किती टक्के म्हणतो यापेक्षा तपासतो कोण, यावर सगळं आहे.

माडाची_सावली:
मी जरा वेगळं बोलणार आहे. चार वर्षं माउईवर काढली आहेत. तिथल्या लोकांची ओळख कोनाच्या कॉफीत नाही. ती स्पॅम मुसुबीत आहे. भातावर तळलेल्या स्पॅमचा, म्हणजे डबाबंद डुकराच्या मांसाचा तुकडा आणि वरून नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पट्टी. हे स्पॅम मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीचं, 1937 सालचं, युद्धात सैन्याबरोबर बेटांवर आलं आणि राहिलं. आज हवाईत वर्षाला सुमारे 70 लाख डबे खपतात, तेही 14 लाख लोकवस्तीत. तो डबा बेटावरचा नाही, पण त्यावर बेटावरच्या लोकांनी जे केलं ते पूर्ण त्यांचं आहे.

लाँग्स ड्रग्ज या औषध दुकानांच्या साखळीचं बघा. 2008 मध्ये सीव्हीएस या मोठ्या औषध दुकान कंपनीने ती विकत घेतली. बाकी ठिकाणी पाट्या बदलल्या, हवाईत 'लाँग्स' तशीच ठेवली. लाँग्स मुळात कॅलिफोर्नियाची कंपनी! तरी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ती आपली वाटते, कारण मुसुबी करायला लागणारा साचा, ली हिंग मुई (खारवून वाळवलेले आलुबुखार) आणि शाळेच्या वह्या तिथेच मिळतात. ओळख मालाच्या मुळावर ठरत नाही, वापरावर ठरते. मग कोनाच्या नावासाठी एवढी टोकाची भूमिका का?

खाडीकिनारा:
@माडाची_सावली, स्पॅमच्या डब्यावर कोणी 'माउईत बनवलेलं' असं छापलेलं नाही. लोकांनी ते स्वतः आपलंसं केलं, फसून नव्हे. माझा आक्षेप दुसऱ्या दिशेच्या प्रवासाला आहे. कोना ब्रुइंग 1994 मध्ये कैलुआ-कोनात सुरू झाली. पुढे मुख्य भूमीवर विकली जाणारी तिची बाटली ऑरेगन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये भरली जाऊ लागली, खोक्यावर मात्र बेटाचा नकाशा आणि तिथल्या पबला या म्हणून आमंत्रण. ग्राहकांनी 2017 मध्ये दावा लावला, 2019 मध्ये तडजोड झाली. लाटा, सर्फबोर्ड, नकाशा विकायचा आणि त्या बाटलीचं काम दुसऱ्या राज्याला द्यायचं, हे मला खुपतं.

बाजारभाव:
मग किंग्ज हवाईयन या पावाच्या कंपनीचं काय कराल? रॉबर्ट टायरा, ओकिनावाहून आलेल्या कुटुंबातला मुलगा, त्याने 1950 मध्ये हिलोत बेकरी काढली. तो गोड पाव हिलोतच जन्माला आला. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात टोरन्सला कारखाना उघडला. त्यावरही 'हवाई' नावावरून खटला झाला आणि तो टिकला नाही. कुटुंब हवाईचं, पाककृती हवाईची, फक्त भट्टी तिकडे. तुमच्या नियमाने त्या घराला स्वतःच्या पावावर स्वतःच्या बेटाचं नाव लावता येणार नाही. हा अन्याय नाही का?

पीठ बाहेरून आणायचं, पाव भाजायचा आणि पुन्हा समुद्रापार पाठवायचा, हे गणित जमत नाही. 1920च्या जोन्स कायद्यामुळे अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकेतच बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या जहाजातून न्यावा लागतो. हवाईचं 85 ते 90 टक्के अन्न बाहेरून येतं. दूध, पाव, तांदूळ, सगळ्याला तो खर्च चिकटतो. 170 वर्षं चाललेली लव्ह्ज बेकरी 2021च्या मार्चमध्ये बंद झाली. बेटावर राहून बेटाचा पाव करणाऱ्यांचं हे असं झालं.

खाडीकिनारा:
पावाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी मान्य करते, @बाजारभाव. पाककृती माणसाबरोबर जाते. कॉफी मात्र मातीची आहे, ती टोरन्समध्ये उगवत नाही. दोन्हींना एकच नियम नको.

आंबराई:
देवगडहून लिहितोय, आमची हापूसची बाग आहे. चर्चा वाचून राहवलं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला वाटलं आता सुटलो. पण कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीला आणि पुण्याला विकला जायचा, तो त्यानंतरही विकला गेला. वर्तमानपत्राचा कागद तोच, पेटी तीच, गवत तेच. गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. कागदावरचं नाव पेटीवरच्या नावाला थांबवत नाही.

म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेने 2025च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र कोडचं स्टिकर लावायला घेतलं. स्टिकर काढायला गेलं की फाटतं, कोड तपासला की बाग कळते. तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा हे स्वस्त आहे, आणि तपासणी गिऱ्हाइकाच्या हातात येते. त्रासही आहे, खोटं बोलत नाही. तोडणीच्या धावपळीत एकेका फळाला स्टिकर लावायचं म्हणजे मजुरी वाढते आणि ती लहान बागाईतदाराला जास्त जाणवते.

एक मात्र सांगतो. शंभर टक्के नसेल तर नावच नको, हा ताईंचा नियम आंब्याला सरळ लागतो, कारण पेटीत अर्धा हापूस असा प्रकार नाही. पण पल्पच्या डब्यात आहे. 'हापूस पल्प' लिहिलेल्या डब्यात इतर आंबा किती असतो, हे आमच्याकडे कोणी विचारतच नाही. तिथे मला 51 टक्के छापलेलं मिळालं तरी मी आज घेईन.

पश्चिमवारा:
@आंबराई, महत्त्वाचं लिहिलंत. अमेरिकेत भारतासारखा जीआय कायदा नाही, तिथे हे काम प्रमाणन चिन्हाने चालतं. '100% कोना कॉफी' या चिन्हाची मालकी हवाई राज्याच्या कृषी विभागाकडे आहे. म्हणजे निव्वळ मालाला ओळख आहेच, प्रश्न मिसळीचा आहे. पल्पसारखाच.

माडाची_सावली:
कोणाच्याच लक्षात न आलेली एक गोष्ट. आपण सगळे कोनाच्या शेतकऱ्याला 'स्थानिक' धरून बोलतोय. मूळ हवाईयन लोकांचं काय? कॉफी त्यांचं पीक नव्हे, त्यांचं तारो, म्हणजे अळूचा कंद. 1893 मध्ये हवाईच्या राणीची सत्ता उलथवली, 1898 मध्ये बेटं अमेरिकेत घेतली, आणि तेव्हापासून त्यांच्या नावांवर दुकानं चालली आहेत. 2018 मध्ये शिकागोतल्या अलोहा पोके कंपनीने 'अलोहा' (हवाईतलं अभिवादन) आणि 'पोके' (कच्च्या माशाचा तिथला पदार्थ) ही दोन नावं एकत्र वापरणाऱ्या दुकानांना वकिलाची पत्रं पाठवली. त्यांत हवाईच्या लोकांची छोटी दुकानं होती. एका मूळ हवाईयन माणसाला त्याच्याच भाषेतलं नाव पाटीवरून उतरवा म्हणून शिकागोहून पत्र! लोक रस्त्यावर उतरले ते बरोबरच होतं.

2020च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन हवाईच्या बाहेर राहतात असं दिसलं. घरांच्या किमती झेपत नाहीत म्हणून लास वेगासला जातात, आणि त्या शहराला 'नववं बेट' म्हणतात. झिपीज या होनोलुलूच्या खाणावळीने 2023 मध्ये तिथे शाखा काढली, तर रांगा लागल्या. वाळवंटातली ती चिली आणि भाताची थाळी हवाईची आहे की नाही? मला ती कुठल्याही कोना पिशवीपेक्षा जास्त हवाईची वाटते. माणसंच बेट सोडून निघालेली असताना बियांच्या टक्क्यांवर एवढं बोलायचं?

खाडीकिनारा:
@माडाची_सावली, हे दोन्ही प्रश्न एकाच मुळातले आहेत. माणसं बेट सोडतात कारण बेटावर राबून घर चालत नाही. कोनाच्या शेतकऱ्यावर 2010 मध्ये फळ पोखरणारा भुंगेरा आला, 2020 मध्ये पानांवरचा तांबेरा आला, फवारणीचा खर्च वाढला, तोडणीला माणूस मिळेना. अशा वेळी नावाचा पैसा त्याच्याकडे न जाता मिसळणाऱ्याकडे गेला, तर त्याची पोरंही उद्या वेगासच्या विमानात बसतील. मूळ हवाईयन लोकांच्या जमिनीचा प्रश्न मोठा आहे, मी तो कॉफीने सोडवू बघत नाही. पण त्यासाठी ही चोरी सोडून द्यायची, हे मला मान्य नाही.

बाजारभाव:
'चोरी' शब्द जड आहे, ताई. कायद्याने परवानगी दिलेल्या गोष्टीला चोरी म्हणता येत नाही. 2027 नंतर बघू, ब्लेंडची पिशवी महाग होऊन शेल्फवरून गेली तर शेतकऱ्याला भाव मिळतो की नुसताच पडून राहिलेला माल. माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे.

आंबराई:
@बाजारभाव, पडून राहण्याची भीती आम्हाला जीआयच्या वेळी दलालांनीही घातली होती. माल पडून राहिला नाही. ज्यांच्या पेट्या खोट्या होत्या त्यांनी त्या दुसऱ्या नावाने विकल्या, एवढंच झालं. भाव किती वाढला ते मात्र बाग कुठे आहे आणि गिऱ्हाईक थेट आहे की अडत्यामार्फत, यावर ठरलं. ज्यांची थेट गिऱ्हाइकं होती त्यांना फरक पडला, अडत्याकडे माल टाकणाऱ्यांना फारसा नाही. ताई, कोनातले किती शेतकरी स्वतः भाजून विकतात आणि किती जण नुसतं फळ कारखान्यावर घालतात? 51 की 100 हे ठरवण्याआधी मी तेच विचारलं असतं.