मोठ्या मॉनिटरवर वॉलपेपर पुसट दिसतो. चित्र कसे निवडावे?

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी. घरून हिशेबाचे काम करण्यासाठी मी नुकताच 27 इंची मॉनिटर घेतला असून त्याचे रिझोल्यूशन 2560×1440 आहे. तो 1920×1080 च्या लॅपटॉपला जोडला आहे आणि दोन्ही पडदे दिवसभर सुरू असतात. भाच्याने फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. लॅपटॉपवर तो बरा दिसतो, मोठ्या मॉनिटरवर मात्र काठावरची झाडे पुसट होतात आणि आकाशात रंगांचे पट्टे उमटतात. नागपूरच्या झिरो माइल स्मारकाचा (दगडी खांब आणि घोड्यांचे पुतळे) उभा फोटो लावून पाहिला, तर घोडे तरी कापले जातात किंवा खांबाचे टोक तरी. चित्र निवडताना नेमके काय पाहावे?

धरमपेठ_कट्टा:
दोष मॉनिटरचा नाही, फोटो ज्या वाटेने आला त्या वाटेचा आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. फोनचे फोटो बहुधा 4:3 प्रमाणाचे, म्हणजे आपल्याकडे 1600×1200 पोहोचला. मॉनिटर 16:9 असल्यामुळे त्याला वर-खाली कात्री लागून 1600×900 उरतो आणि तेवढ्यात 2560×1440 ची जागा भरायची म्हणजे चित्र दीडपटीहून अधिक ताणावे लागते. भाच्याला तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो 4000×3000 च्या आसपास असतो. 16:9 मध्ये कापल्यावरही 4000×2250 शिल्लक राहतो आणि तो आपल्या मॉनिटरला पुरून उरतो.

कापायचे काम मात्र स्वतः करावे. विंडोजमधला 'फिल' पर्याय पडदा भरून देतो, पण फोटोचा कोणता भाग ठेवायचा हे आपल्याला विचारत नाही. 'फिट' पूर्ण चित्र दाखवतो आणि कडेला रिकामे पट्टे सोडतो. 'स्ट्रेच'च्या वाटेला जाऊच नये, सूर्याचे अंडे होते.

महाल_गल्ली:
पट्ट्यांबद्दल थोडे. सूर्यास्ताच्या आकाशात रंग इतक्या हळूहळू बदलतो की जेपेगची (फोटो दाबून लहान करून साठवण्याच्या नेहमीच्या प्रकाराची) दाबादाबी सगळ्यात आधी तिथेच उघडी पडते. त्यात भर म्हणजे विंडोज जेपेग वॉलपेपर लावताना तो स्वतःच पुन्हा एकदा, मूळ सेटिंगनुसार 85 टक्के गुणवत्तेवर, दाबून साठवतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'जेपेग इम्पोर्ट क्वालिटी' या अर्थाची नोंद करून हा आकडा 100 करता येतो, पण रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर त्या भानगडीत पडू नका. मूळ फोटो आला की निम्मे काम तसेच होईल.

अंबाझरीकाठ:
माझे मत थोडे वेगळे आहे. पिक्सेल जुळले म्हणजे चित्र वॉलपेपर म्हणून जुळलेच असे नाही. विंडोजचे आयकॉन डावीकडून मांडले जातात, त्यामुळे डावी बाजू शांत हवी: नुसते आकाश, पाणी किंवा भिंत. तिथे गर्द झाडी असली की फायलींची पांढरी नावे वाचताना डोळे ताणावे लागतात. झिरो माइलच्या उभ्या 3000×4000 फोटोतून 16:9 चा तुकडा कापला तर उंचीचा जेमतेम 42 टक्के भाग राहतो, म्हणून त्यात खांब आणि घोडे एकत्र बसणे शक्यच नाही. एखाद्या रविवारी सकाळी जाऊन, थोडे मागे सरकून, फोन आडवा धरून खांब उजवीकडच्या एक-तृतीयांश भागात येईल असा फोटो नव्याने काढा.

खोलीतला उजेडही पाहावा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरची खिडकी उघडी असते. मॉनिटर चकचकीत असेल तर गडद वॉलपेपरवर ती खिडकीच दिसत राहते. दिवसा काम करणाऱ्याने मध्यम उजळ चित्र घ्यावे.

महाल_गल्ली:
हिशेबाचेच काम असेल तर साधा राखाडी रंग सर्वांत बरा, असे मी म्हणेन. एक्सेल उघडल्यावर वॉलपेपर दिसतो तरी कुठे?

संत्रानगरी:
राखाडी रंग कार्यालयात बराच पाहून झाला, भाऊ! मूळ फोटो मागवला आहे. आता एवढेच सांगा, दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रे लावता येतात का?

धरमपेठ_कट्टा:
येतात. सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन'खाली 'बॅकग्राउंड' उघडा आणि तिथल्या चित्रावर राइट क्लिक करा. कोणत्या मॉनिटरवर लावायचे हे तिथेच निवडता येते. 'स्पॅन' निवडू नका, त्याने एकच फोटो दोन्ही पडद्यांवर पसरतो आणि आपले पडदे सारख्या रिझोल्यूशनचे नसल्यामुळे जोडावर चित्र सरकलेले दिसेल.