जुन्या डेस्कटॉपवर मराठीत काम करायचे असेल, तर विंडो मॅनेजर ओपनबॉक्सच असावा

धागाकर्ता

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरलेले कितीतरी धडधाकट डेस्कटॉप घरोघरी कोपऱ्यात गेले. माझा संगणक त्यांतलाच आहे. ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि लहानसा मॉनिटर एवढ्या भांडवलावर मी डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली घातली आणि ग्नोम किंवा केडीईसारखे पूर्ण डेस्कटॉप न घेता नुसता विंडो मॅनेजर ठेवायचे ठरवले. आयथ्री, डीडब्ल्यूएम, आइसडब्ल्यूएम आणि ओपनबॉक्स हे चारही मी प्रत्येकी काही आठवडे रोजच्या कामासाठी वापरले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, ज्याला संगणकावर मुख्यतः मराठीत लिहायचे-वाचायचे आहे आणि ज्याचा संगणक घरातील इतरही माणसे वापरतात, त्याने ओपनबॉक्स निवडावा.

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. एका वेळी मूळ पानांची पीडीएफ, लिब्रेऑफिसमधील मजकूर, शब्दकोशासाठी ब्राउझर आणि फाइलींची खिडकी उघडी असते. खिडक्यांना चौकट देणे, त्या हलवणे, लहानमोठ्या करणे आणि कोणती खिडकी पुढे आहे हे ठरवणे, एवढेच विंडो मॅनेजरचे काम असते, आणि ओपनबॉक्स त्यापलीकडे जात नाही. पडद्याच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबले की मेनू येतो. तो मेनू एका फाइलीत आणि बाकी सर्व वागणूक आरसी डॉट एक्सएमएल या दुसऱ्या फाइलीत लिहिलेली असते. त्या फाइलीत ‘ॲप्लिकेशन्स’ नावाचा विभाग आहे. लिब्रेऑफिस नेहमी दुसऱ्या डेस्कटॉपवर उघडावे, पीडीएफच्या खिडकीला चौकट नसावी, अशा सूचना मी तिथे एकदा लिहून ठेवल्या आणि नंतर त्यांच्याकडे पाहावे लागले नाही.

डीडब्ल्यूएम मी का सोडला, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी चर्चांमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो. डीडब्ल्यूएम आपल्या पट्टीवरील अक्षरे एक्सएफटी या फाँटच्या लायब्ररीने थेट काढतो. लॅटिन लिपीला ते पुरते. देवनागरीत अक्षरांची जुळणी करावी लागते, आणि ती तिथे होतच नाही. ‘हिशेब’ नावाची फाइल उघडली की पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘शे’ला जाऊन चिकटते, ‘पत्र’मधले जोडाक्षर फुटून त, हलन्त आणि र अशी सुटी चिन्हे दिसतात. दिवसभर शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर अशी पट्टी राहणे मला असह्य झाले. ओपनबॉक्स शीर्षके पँगो या अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीमार्फत काढतो, त्यामुळे तिथे प्रत्येक अक्षर जागच्या जागी बसते.

आपले अनुभव वेगळे असतील तर ते कारणांसह मांडावेत, ही विनंती.

कऱ्हाकाठ

देवनागरीच्या मुद्द्यावर सहमत आहे, पण आयथ्री त्याच यादीत ढकलून दिलेला मला पटत नाही. आयथ्रीही पँगो वापरतो. त्याच्या मूळ कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलीतच फाँटच्या नावामागे ‘पँगो’ असे लिहिलेले असते. तिथे नोटो सान्स देवनागरीचे नाव घातले की पट्टीवरचा मराठी मजकूर नीट दिसतो.

मुळात मुद्रितशोधन हे टायलिंगसाठीच, म्हणजे खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसवण्यासाठीच, घडवल्यासारखे काम आहे. डावीकडे मूळ पान, उजवीकडे टंकलेला मजकूर, आणि दोन्हींमध्ये एका इंचाचीही जागा वाया गेलेली नाही, ही मांडणी आयथ्री खिडकी उघडताक्षणी आपोआप करून देतो. ओपनबॉक्समध्ये तुम्ही दर वेळी खिडकी ओढता, कडेला लावता, मग दुसरी ओढता. लहान पडद्यावर एकावर एक खिडक्या चढवणे म्हणजे लहान टेबलावर कागदांचा ढीग रचणे होय, आणि खालचा कागद सापडत नाही अशी स्थिती लवकरच येते. शिवाय आयथ्रीमध्ये मॉड (आयथ्रीची मुख्य कळ) आणि डब्ल्यू दाबले की त्या भागातील सर्व खिडक्या टॅबसारख्या एकामागे एक लागतात. आठ प्रकरणांच्या आठ फाइली अशा लावून पाहा.

कॉन्फिगच्या बाबतीतही आयथ्री सरस आहे. २००९ मध्ये मायकेल स्टॅपेलबर्ग यांनी तो सुरू केला तेव्हापासून साधी, एका ओळीत एक सूचना असलेली मजकूर-फाइल हीच त्याची पद्धत आहे. चूक झाली तर पडद्याच्या वर लाल पट्टी येते आणि तिथूनच चुकांचा तपशील पाहता येतो. ओपनबॉक्सच्या एक्सएमएलमध्ये एक बंद करणारी खूण राहिली की अख्खी फाइल वाचली जात नाही. आणि ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ ची आहे, हे आपल्या लेखात यायला हवे होते.

धागाकर्ता

तीन मुद्द्यांना उत्तर देतो. खिडकी ओढावी लागते, हे खरे नाही. ओपनबॉक्समध्ये ‘मूव्ह-रिसाइझ-टू’ ही कृती आहे आणि तिला रुंदी ५०% अशी देता येते. सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि डावा बाण दाबला की खिडकी डाव्या अर्ध्यात, उजवा बाण दाबला की उजव्या अर्ध्यात जाते. हे मी पहिल्याच दिवशी लिहून घेतले. फरक एवढाच की हे मी सांगेन तेव्हा होते. लिब्रेऑफिसचा ‘शोधा आणि बदला’ हा संवाद, चित्रांचा जिम्प, छपाईचे लहान पत्रक यांचा आकार मला हवा तसा ठेवता येतो. आयथ्री संवादांना तरंगते ठेवतो हे मला ठाऊक आहे, तरी जिम्पसारख्या प्रोग्रॅमसाठी मला वेगळे नियम लिहीत बसावे लागले.

एक्सएमएलबद्दलची तक्रार मान्य आहे. मी स्वतः त्या चुकीत एक संध्याकाळ घालवली आहे. ओपनबॉक्सने फाइलीत वाक्यरचनेची चूक असल्याचा संदेश दाखवला आणि माझे सगळे शॉर्टकट नाहीसे झाले. तेव्हापासून बदल करण्याआधी फाइलीची प्रत ठेवतो.

२०१५ चा मुद्दा मात्र मी उलट वाचतो. खिडक्या हलवण्याचे काम दहा वर्षांत बदललेले नाही, आणि ज्या प्रोग्रॅमकडून मला नवे काही नको आहे त्याची नवी आवृत्ती आली नाही म्हणून मला तोटा होत नाही. माझ्या आईला हा संगणक वीज-बिल भरण्यासाठी आणि फोटो पाहण्यासाठी लागतो. आयथ्रीसमोर ती पहिल्या दिवशी अडली, कारण तिथे खिडकीला बंद करण्याचे बटणच नव्हते.

जुळारी

डीडब्ल्यूएमवर अन्याय झाला आहे, म्हणून लिहितो. शीर्षकातील मराठी तुटते हे मान्य. पण ते फक्त पट्टीवर आणि डीमेनू या प्रोग्रॅम सुरू करण्याच्या मेनूत तुटते; लिब्रेऑफिस किंवा ब्राउझरमधील मजकूर विंडो मॅनेजर काढत नाही, ते प्रोग्रॅम स्वतः काढतात आणि तिथे जोडाक्षरे बरोबरच असतात. मी पट्टीवरून खिडकीचे शीर्षक काढूनच टाकले आहे, डीमेनूऐवजी रोफी वापरतो, आणि मला रोज तुटलेले मराठी दिसत नाही.

त्या बदल्यात मला जे मिळते ते मोठे आहे. २००६ पासून या प्रकल्पाने स्वतःवर घातलेली मर्यादा अशी आहे की सगळा प्रोग्रॅम २,००० ओळींच्या आत राहावा. त्याला कॉन्फिग फाइल नाही. कॉन्फिग डॉट एच ही सी भाषेतील फाइल बदलायची, पुन्हा कंपाइल करायचे आणि चालवायचे. दोन शनिवार-रविवारांत मी तो पूर्ण वाचला. माझ्या संगणकावर खिडकी पुढे का आली किंवा मागे का गेली, याचे उत्तर मी कोणाला न विचारता शोधू शकतो. आपल्या साधनाचे संपूर्ण ज्ञान असणे याला आपण कस्टमायझेशन म्हणणार नसू, तर आरसी डॉट एक्सएमएलमध्ये रंग बदलणे हे फारच वरवरचे ठरते.

उत्तररात्र

सर्वांची मते वाचली. मी या संपूर्ण चर्चेच्या विरुद्ध बाजूला आहे. पाच वर्षे ओपनबॉक्स वापरून मी एक्सएफसीई या हलक्या पण पूर्ण डेस्कटॉपकडे परत गेलो, आणि ४ जीबीच्या यंत्रावर मी तेच सुचवीन.

नुसता विंडो मॅनेजर घेतला की दोन-तीनशे एमबी रॅम वाचते, हे खरे. पण ब्राउझरमध्ये बातम्यांचे एखादे पान आणि एक व्हिडिओ उघडला की ती बचत तेवढ्यात संपते. उलट जे हरवते त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. पेनड्राइव्ह लावला तर तो आपोआप उघडत नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम. वाय-फायचे चिन्ह वेगळे लावावे लागते. आवाज कमी-जास्त करण्याच्या कळा स्वतः जोडाव्या लागतात. सूचना दाखवण्यासाठी डन्स्ट, पडदा कुलूपबंद करण्यासाठी आणखी काही, आणि पासवर्ड विचारणारा पॉलकिटचा घटक सुरू केला नाही तर काही प्रोग्रॅम कारण न सांगता मुकाट बंद होतात. यातील प्रत्येक गोष्ट मी शिकलो, त्याचा आनंदही घेतला, पण वर्षभराने नवी हार्ड डिस्क घालून तेच सगळे पुन्हा उभे करताना माझे दोन दिवस गेले.

मराठीसाठी तर हे अधिक खरे आहे. एक्सएफसीईमध्ये कीबोर्डचा लेआउट सेटिंग्जमधून जोडला की पॅनेलवर भाषेचे चिन्ह लावता येते. ओपनबॉक्सवर आयबस, म्हणजे मराठी टंकण्याची सोय करणारा प्रोग्रॅम, कोण सुरू करते? जीटीके आणि क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररी) यांसाठीच्या चलांची नावे कोणत्या फाइलीत लिहायची, हे शोधताना नवखा माणूस लिनक्सच सोडून देईल. धागाकर्त्यांनी ‘घरातील इतरही माणसे’ असा निकष स्वतःच लावला आहे. त्या निकषावर एक्सएफसीई त्यांच्या यादीत का नाही, हे मला समजलेले नाही.

मध्यलय

वर सर्वजण एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्याच अंगणात उभे आहेत. १९८७ मध्ये आलेल्या या व्यवस्थेतून बाहेर पडणे आता सुरू झाले आहे. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या १० व्या आवृत्तीतून झॉर्ग सर्व्हर (एक्स११ चालवणारा प्रोग्रॅम) वगळला, आणि उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचे झॉर्गवरील सत्र राहिले नाही. एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँडवर ओपनबॉक्स चालत नाही आणि चालणारही नाही. आज नव्याने शिकायचे तर जे पुढे टिकेल ते शिकावे.

आयथ्री आवडणाऱ्यांना वेलँडवर स्वे आहे, तो आयथ्रीचीच कॉन्फिग वाचतो. मात्र मराठी टंकणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. स्वेमध्ये शॉर्टकट सक्रिय लेआउटवर अवलंबून असतात. इनस्क्रिप्ट हा देवनागरी टंकण्याचा लेआउट चालू असताना सुपर आणि डी दाबले, तर डीच्या जागी हलन्त पोहोचतो आणि काहीच घडत नाही. मला वाटले कीबोर्ड बिघडला. कॉन्फिगमधील शॉर्टकट ठरवणाऱ्या प्रत्येक ‘बाइंडसिम’पुढे ‘टू-कोड’ हा पर्याय लिहिला की अडचण सुटते.

धागाकर्त्यांना मी वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी सुचवीन. त्याची आरसी डॉट एक्सएमएल ओपनबॉक्सच्याच धाटणीची आहे, ओपनबॉक्सच्या थीम त्यात चालतात, आणि रास्पबेरी पाय ओएसने २०२४ मध्ये तोच मूळ विंडो मॅनेजर म्हणून स्वीकारला. लेआउट बदलला तरी त्यातील शॉर्टकट चालू राहतात.

धागाकर्ता

उत्तररात्र यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो मी लेखात टाळायला नको होता. एक्सएफसीई मी वापरला आहे. त्यात काहीही वाईट नाही. पण माझ्या फिरत्या डिस्कवर लॉगिननंतर काम सुरू करण्याजोगी स्थिती यायला त्यात ठळकपणे अधिक वेळ लागतो, आणि दिवसातून तीन-चार वेळा संगणक बंद-चालू करणाऱ्या घरात तो वेळ जाणवतो. आयबससाठी ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलीत एक ओळ आणि एन्व्हायर्नमेंट फाइलीत तीन ओळी लागतात. त्या लिहिल्यापासून आजवर बदललेल्या नाहीत, पण त्या लिहाव्या लागतात हे कोणी सांगत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. दोन दिवस पुन्हा उभारणीत गेले, याला मात्र उपाय आहे: ओपनबॉक्सचे फोल्डर, टिंट२ या पॅनेलची एक फाइल आणि पॅकेजांची यादी पेनड्राइव्हवर ठेवली, तर ते काम तासाभराचे होते.

जुळारी, प्रोग्रॅम पूर्ण वाचल्याचे समाधान मी कमी लेखत नाही. पण मराठी शीर्षक चुकीचे दिसते म्हणून शीर्षकच काढून टाकणे मला उत्तर वाटत नाही. माझ्या सहा फाइलींची नावे मराठीत आहेत आणि कोणती कुठली हे मला शीर्षकावरूनच कळते.

मध्यलय यांच्या सल्ल्याप्रमाणे लॅबडब्ल्यूसी दोन दिवस वापरला. माझी आरसी डॉट एक्सएमएल थोड्या दुरुस्तीने चालली, आणि इनस्क्रिप्ट चालू असतानाही शॉर्टकट चालले. टिंट२ गेला, पडद्याची मांडणी बदलणारा एक्सरँडर गेला, आणि खिडक्या शोधणारी माझी डब्ल्यूएमसीटीआरएलवरची स्क्रिप्ट निरुपयोगी झाली. डेबियन १३ ला दीर्घकालीन आधारासह २०३० पर्यंत अद्ययावत सुधारणा मिळतील आणि त्यात झॉर्गही आहे, ओपनबॉक्सही आहे. तोवर मी इथेच राहीन. जाईन तेव्हा लॅबडब्ल्यूसीकडेच जाईन, कारण माझी फाइल माझ्याबरोबर येते.

कऱ्हाकाठ यांनी सांगितलेली टॅबची मांडणी मात्र ओपनबॉक्समध्ये मला कोणत्याही उपायाने मिळाली नाही. गेल्या आठवड्यात अनेक फाइलींत विभागलेली एक शब्दसूची तपासायची होती, तेव्हा लॉगिनच्या पडद्यावरून आयथ्रीचे सत्र निवडले, सगळ्या फाइली एकामागे एक लावल्या आणि काम दुपारपर्यंत उरकले. ते सत्र आता काढून टाकलेले नाही.